जोडीतली ताई

दिवाळी अंकातल्या असल्या लेखाचा शेवट कसा व्हायला हवा, हे मला चांगलं माहीत आहे. वस्तीतली मुलगी शेवटच्या परिच्छेदात डॉक्टर होते, पेढे घेऊन बाईंच्या दारात येते, आणि बाई पदरानं डोळे पुसतात. संपादकांनी फोनवर आडून आडून तेच सुचवलं, "मॅडम, एखादी प्रेरणादायी गोष्ट टाका ना." मी म्हटलं, बघते. बघितली, सापडली नाही. ज्यांना पेढेच हवे असतील त्यांनी खुशाल पान उलटावं, मला राग येणार नाही. आता मला कशाचाच फारसा राग येत नाही, आणि हे मला ओळखणाऱ्या कुणाला खरं वाटणार नाही.

मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. पगार रसायनाचा मिळायचा, पण जीव अडकला होता तो शनिवारच्या वर्गात. शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं व्हायचं. मग नदीकाठच्या वस्तीतली पाचवी ते दहावीची मुलं यायची. बहुतेक घरं मासेमारीची. धरणाचं पाणी मागे थोपल्यापासून नदीत पाणी भरपूर आणि मासोळी कमी, वर जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, माजलेली, म्हणून बाप मिळेल त्या मजुरीला आणि आई मासोळीची पाटी घेऊन बाजारात. धानाच्या रोवणीच्या दिवसांत अख्खी वस्ती टेम्पोत बसून खेड्यांवर जायची आणि आमचा वर्ग ओस पडायचा. मी चिडायचे. कुणावर चिडायचं ते कळायचं नाही, म्हणून शिपायावर चिडायचे.

बाहेरच्यांना वाटतं ही फुकटची शिकवणी. शिकवणी नव्हती. प्रत्येक मुलामागे कॉलेजचा एक विद्यार्थी, ताई नाही तर दादा. याला आम्ही जोडी म्हणायचो. ताईनं त्या मुलीसोबत नाश्ता करायचा, लायब्ररीत बसायचं, प्रयोगशाळेत हिंडायचं, तिच्या घरी जाऊन यायचं, ती रुसली तर समजूत काढायची. पहिले काही शनिवार पुस्तक उघडायचंच नाही, हा माझा कायदा. ज्याला वाचता येत नाही ते पोट्टं पुस्तक पाहिलं की दुसऱ्या शनिवारी येत नाही. आणि वाचता न येणारं मूल ओळखायला परीक्षा लागत नाही. सगळ्यांना पुस्तकं वाटायला जे सगळ्यात आधी उठतं, फळा पुसायला जे धावतं, ते. वाटण्यात आणि पुसण्यात तास निघून जातो, आपली पाळी येत नाही. शाळेत मास्तर त्याला 'गुणी' म्हणतात.

अनिकेत असाच एक गुणी. सातवीपर्यंत फळे पुसत आला होता. त्याच्या दादानं वर्षभर खपून त्याला वाचायला लावलं. सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या ठेल्यावरची पाटी त्यानं पहिल्यांदा स्वतः वाचली तेव्हा दादाचा मला फोन, "मॅडम, गडी वाचून राहिला!" आज अनिकेत रेतीचा ट्रॅक्टर चालवतो. भर चौकात मला पाहून ट्रॅक्टरवरून ओरडतो, "नमस्ते मॅडम!" रहदारी थांबते. मीही हात करते. काय करणार? पोरगं हसतमुख आहे, एवढंच समाधान.

ताई-दादा निवडण्याची माझी एक पद्धत होती आणि मला तिचा भारी गर्व होता. गावातल्या डॉक्टर-वकिलांची मुलं उत्साहानं नाव द्यायची, मुलांसोबत फोटो काढायची आणि टेस्ट जवळ आली की गळायची. शिवाय वस्तीतली मुलं त्यांच्यासमोर जीभ गिळायची. म्हणून मी एस.टी.नं येणाऱ्या मुली घ्यायचे. आंधळगाव, मोहाडी, लाखांदूरकडच्या, धानाच्या बांधीतून थेट वर्गात आलेल्या. त्या 'मले-तुले' बोलतात, त्यांच्याही पायात प्लास्टिकची चप्पल, आणि तरी अंगावर पांढरा ॲप्रन. मुलीला दिसलं पाहिजे की ही आपल्यातलीच एक आहे. मी प्रत्येक नव्या मुलीला स्पष्ट सांगायचे, "या ताईकडे नीट पाहून घे. सहा-सात वर्षांनी तू हीच होणार." माझ्या सहकाऱ्यांनी हे वाक्य उचललं, प्राचार्यांनी तर ते भाषणात घातलं.

एकदा कॉलेज तपासायला समिती आली. प्राचार्यांनी आमच्या मुलांना पिवळे टी-शर्ट वाटले आणि शनिवारचा वर्ग मंगळवारी भरवला. समितीतल्या एका गृहस्थांनी वाकून एका मुलाला विचारलं, "बाळ, इथं यायला तुला का आवडतं?" सगळ्यांचे चेहरे गोड झाले. बाळ म्हणालं, "पोहे भेटते." समितीनं आमचं कौतुक लिहून ठेवलं आणि प्राचार्यांनी माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. मी म्हटलं, पोरगं खरं बोललं यात माझा काय गुन्हा?

आता मंदाबाईंकडे येते. पाचवीतल्या रोशनीची ही आई. पहिल्या दिवशी मुलीला घेऊन आली ती आत आलीच नाही. मासोळीची पाटी कॉलेजच्या गेटजवळ उतरवली आणि वर्ग सुटेस्तोवर तिथंच बसली. पुढच्या शनिवारी पुन्हा. वॉचमन नाकाला रुमाल लावून माझ्याकडे आला, "मॅडम, वास येऊन राहिला." मी बाहेर जाऊन विचारलं, बाई, घरी का जात नाही?

"अजी मॅडम, तुमी फुकट कायले शिकवता जी? नाश्ताही देता. तुमाले काय भेटते?"

"काही नाही भेटत."

"मंग त जास्तच भेव वाटते."

पोट्टे पळवणारी टोळी फिरून राहिली, अशी तेव्हा वस्तीत आवई होती. मंदाबाई महिनाभर पहाऱ्यावर बसली. प्राध्यापक मंडळी तिच्याकडून झिंगे घ्यायला लागली. मग एका शनिवारी ती आली नाही आणि मी रोशनीला विचारलं, आई कुठे? ती म्हणाली, "आई म्हणते, थे मॅडम रागीट आहे पर चोर नाही." मला मिळालेलं याहून चांगलं प्रमाणपत्र मला आठवत नाही.

रोशनीची ताई प्रणाली. आंधळगावची, बाप धान पिकवणारा, घरात पहिली बारावी पास झालेली हीच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि वर्गात इतकी मागे बसायची की हजेरीत तिचा आवाज ऐकू येत नसे. जोडी साधारण वर्षभराची असायची, पण या दोघींची सुटली नाही. प्रणालीनं एम.एस्सी.ही आमच्याकडेच केलं, त्यामुळे पाचवीपासून नववीपर्यंत रोशनीला तीच एक ताई. रोशनी प्रणालीसारखी वेणी घालायला लागली, प्रणालीसारखी 'म्हणजे' म्हणून वाक्य सुरू करायला लागली. प्रणालीला आंधळगावकडे जाणारी मोहाडीची गाडी मिळेपर्यंत ही बसस्टँडवर तिच्यासोबत उभी राहायची. आणि रोशनीला शिकवता शिकवता प्रणालीचा आवाज मोठा झाला. ती वर्गात पुढच्या बाकावर येऊन बसली.

रोशनी सातवीत असताना एका दुपारी प्रणालीनं तिला टायट्रेशन दाखवलं. काचेच्या उभ्या नळीतून खालच्या बिनरंगी पाण्यात थेंब थेंब सोडायचा, आणि एका थेंबाला सगळं पाणी गुलाबी होतं. आमची मुलं पदवीला येऊन हे करतात आणि निम्मी जण चार थेंब जास्त टाकून मोकळी होतात. रोशनीनं एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा स्वतः केलं आणि बरोबर त्या थेंबाला चावी बंद केली. मग पाण्याकडे बघत मला म्हणाली, "मॅडम, हा रंग आधी कुठी होता?"

इतकी वर्षं हा प्रयोग शिकवला, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, त्याला काही विशेष वाटलं नाही. मला रात्रभर आनंदानं झोप आली नाही. मी ठरवून टाकलं की ही मुलगी अकरावी सायन्सला जाणार, माझ्या विषयात पुढे जाणार आणि मी म्हातारी होऊन टाळ्या वाजवणार.

त्यानंतरच्या दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. मी निवृत्त झाले आणि प्रणाली पहिल्या वर्गात एम.एस्सी. झाली. मी पास झाले त्या काळी एम.एस्सी. झालेल्या बाईला कॉलेजवाले घरी निरोप पाठवायचे. माझे वडील लाखांदूरला मास्तर, त्यांनी निरोप आणणाऱ्याला आधी चहा पाजला आणि मग विचार करून कळवतो म्हणाले. प्रणालीला कुणी निरोप पाठवला नाही. जागाच निघाल्या नाहीत. मी आमच्या कॉलेजात शब्द टाकला, दुसऱ्या दोन ठिकाणी जाऊन बसले, एका संस्थाचालकाशी भांडून आले. तासिका तत्त्वावर बघू, म्हणाले, आणि ते बघणं अजून चालूच आहे. प्रणाली अभ्यासिकेत बसून परीक्षांची तयारी करायची. भरती निघायची, लांबायची, रद्द व्हायची, पुन्हा निघायची. शेवटी तिनं मोठ्या बाजारातल्या एका साडीच्या दुकानात नोकरी धरली. मला सांगितलं. रोशनीला मात्र सांगितलं, "ऑफिसात लागली मी." मीही त्याला होकार दिला. पोरीचं दहावीचं वर्ष होतं हो, काय करायला हवं होतं?

दहावीची परीक्षा झाली, लग्नसराई सुरू झाली. मंदाबाईच्या भाच्याचं लग्न निघालं आणि माय-लेकी नवरीची साडी घ्यायला बाजारात गेल्या. भंडाऱ्यात दुकानं थोडी का आहेत? पण नेमक्या त्याच दुकानात गेल्या. गादीवर बसून प्रणाली साड्या उलगडत होती. समोरच्या बाईनं ढीगभर साड्या काढायला लावल्या आणि काहीच न घेता उठून गेली. शेठ सगळ्यांदेखत प्रणालीवर खेकसला, "गिऱ्हाईक बसवता येत नाही आणि म्हणे एम.एस्सी.!" दुकान हसलं. प्रणालीनं मान वर केली तर समोर रोशनी.

हे मला प्रणालीनंच सांगितलं. म्हणाली, "मॅडम, शेठच्या बोलण्याचं काही नाही, ते रोजचं आहे. पर तिनं मले पाहून ओळख नाही दाखवली. मले लाज वाटू नये म्हणून. मागच्या मागे निघून गेली."

निकाल लागला. रोशनी वस्तीत पहिली, शाळेत दुसरी. मी पेढे घेऊन गेले, म्हणजे लेखात पेढे आहेत, फक्त उलट्या दिशेनं गेले. तिनं वाकून नमस्कार केला, पेढा खाल्ला आणि प्रवेशाचं काहीच बोलली नाही. आठ-पंधरा दिवसांनी मंदाबाईचा फोन आला, "मॅडम, तिले समजवा जी. फारम भरत नाही म्हणते. प्रणालीले घेऊन या. थे तिचंच आयकंल."

दुकानाला सुटी होती त्या दिवशी प्रणाली आंधळगावहून मुद्दाम आली. बसस्टँडपासून वस्तीपर्यंत चालता चालता आम्ही सगळं ठरवलं. आधी मी बोलायचं, अवघड भाग मी घ्यायचा, आणि शेवटी प्रणालीनं एकच सांगायचं, शिक. ती म्हणाली, "मी सांगते मॅडम. माझं आयकते ती."

मंदाबाई दारात झिंगे निवडत बसली होती. बाजेवर आम्हाला बसवलं. रोशनी समोर जमिनीवर बसली, प्रणालीसारखी वेणी घालून.

"एवढे मार्क पडले आणि फॉर्म भरत नाहीस? काय करणार आहेस मग?" मी नेहमीच्या आवाजात विचारलं.

"दुकानात लागतो जी. ताईच्याच दुकानात. दिवाळीच्या आधी पोरी घेते ते, दहावी झालेल्या."

"साडीच्या दुकानात?"

"ताई त एम.एस्सी. होऊन तिथं आहे ना जी. तिथंच जाचं आहे त मंग आताच जातो. मधातले वर्सं कायले घालवाचे?"

आवाजात उद्धटपणा असता तर मी तिला झापलं असतं, ते मला जमतं. पण गणिताची पायरी मांडावी तसं ती सांगत होती. मंदाबाई मध्येच कळवळून म्हणाली, "अवो, मले मासोळी इकाची लाज नाही, पर माह्या पोरीनं उभं राहून शेठच्या शिव्या खाव्या का जी?"

मी बोलायला लागले. दिवस बदलतात म्हणाले, जागा निघतील म्हणाले, नर्सिंग आहे, फार्मसी आहे, सगळ्यांचं नशीब सारखं नसतं म्हणाले. बोलता बोलता माझ्याच कानाला ते पोकळ लागत होतं, तरी मी थांबले नाही. रोशनीनं अदबीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती प्रणालीकडे वळली.

"ताई, तू सांग. तू म्हणशील का 'शिक', त उद्या फारम भरतो. आईची शपथ. पर तू सांग."

मंदाबाईचे हात थांबले. एवढ्यासाठीच तर आम्ही आलो होतो. एक शब्द हवा होता. प्रणालीनं तोंड उघडलं. तिच्याकडे बघून मी मान हलवली, सांग, सांग. ती रोशनीकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरले.

"मले नाही सांगता येत, रोशनी," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाले सांगितलं असतं. तुले नाही सांगता येत."

मला संताप आला. प्रणालीचा आला, शेठचा आला, भरती काढणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या पोरीच्या शांत चेहऱ्याचा आला. मी जवळजवळ ओरडलेच, "शिक! मी सांगते ना, शिक, रोशनी!"

"तुमाले नाही इचारलं जी, मॅडम," रोशनी हळूच म्हणाली. आणि चहा ठेवायला उठली.

तो चहा आम्ही प्यालो. मंदाबाईनं निघताना झिंग्यांची पुडी बांधून दिली, नको म्हणता आलं नाही. परतीच्या रस्त्यावर मी प्रणालीच्या चार पावलं पुढे चालत राहिले. बसस्टँड जवळ आल्यावर तीच म्हणाली, "मी शिक म्हटलं असतं त ती गेली असती ना, मॅडम?"

"गेली असती," मी म्हटलं. तिला वाईट वाटावं म्हणूनच म्हटलं.

"आन सात वर्सांनी मले येऊन विचारलं असतं त? तेव्हा तुम्ही याल का माह्यासोबत?"

मोहाडीची गाडी लागली होती, ती चढली, खिडकीतून हात केला. मी झिंग्यांची पुडी घेऊन फलाटावर उभी राहिले. मला काय वाटलं ते सरळ सांगते, मी हरले असं वाटलं. एका शनिवारात नाही, सगळ्या शनिवारांत.

शनिवारचा वर्ग अजून भरतो. निवृत्तीनंतरही मी जात होते, आता जात नाही. नवे समन्वयक तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी फोन करून विचारलं, "मॅडम, जोड्या लावायची तुमची पद्धत जरा समजावून सांगा ना." मी म्हटलं, तब्येत बरी नाही, नंतर बोलू. तब्येतीला काही झालेलं नाही.

प्रवेशाची मुदत संपली. रोवणीला रोशनी आईसोबत टेम्पोत बसून गेली आणि रोवणी आटोपल्यावर दुकानात लागली. प्रणालीचा फोन येतो अधूनमधून. परवा सांगत होती, शेठ रोशनीवर खूश आहे, पोरीचा हात चलाख आहे, पहिल्याच आठवड्यात तिला गादीवर बसवलं. साडीची घडी काठ वर राहील अशी कशी घालायची, हे तिला प्रणालीनंच शिकवलं.